शनिवार पेठेतील हिरव्या एम.जी.च्या सुटकेबाबत

दि. २८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
बेवारस वाहने हटाव कक्ष,
विभागीय कार्यालय, पुणे.

विषय : हिरव्या रंगाची दोन आसनी एम.जी. मोटार (सन १९४८) भंगारात न काढता मालकिणीच्या ताब्यात देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचाच तक्रार अर्ज, दि. ४ ऑगस्ट २०२५
२) आपल्या कक्षाचा पंचनामा, दि. १८ नोव्हेंबर २०२५

महोदय,

१. अर्जदार दीनानाथ वर्तक, वय ७६, निवृत्त आरेखक, शनिवार पेठेत राहतो. गल्लीत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या वाहनांविरुद्ध त्याने आपल्याकडे नऊ अर्ज केले. नवव्या अर्जात 'कोणाचाही मुलाहिजा न ठेवता सरसकट सर्व बंद वाहने उचलावीत' अशी मागणी होती. 'सरसकट' या शब्दाखाली त्याने पट्टी धरून रेघ मारली होती.

२. त्यानुसार आपल्या पथकाने दोन रिक्षा, एक टेम्पो आणि अर्जदाराच्या घरची मोटार उचलून नेली. कारवाई नियमानुसार झाली. मोटार अकरा वर्षे जागची हललेली नव्हती, हे खरे आहे. पंचनाम्यात 'बॉनेटवर सुकलेला हार, मालक मयत असावा' अशी नोंद आहे. तो हार दसऱ्याचा होता. मोटार अर्जदाराच्या पत्नी सौ. पद्मजा यांच्या नावावर असून त्या हयात आहेत व बंद गाडीचीही दरवर्षी पूजा करतात. गाडी क्रेनला लटकलेली पाहून त्या म्हणाल्या, "अहो, अखेर तुमच्या अर्जाची दखल घेतली हो कोणीतरी. पेढे आणा." त्यानंतर त्या अर्जदाराशी कामापुरतेच बोलतात.

३. ही मोटार १९७६ साली, लग्नानंतर चार महिन्यांनी घेतली. तिची चाके तारांची आहेत आणि दरवाजा इतका खाली कापलेला आहे, की बसल्या जागी हात रस्त्याला टेकावा. खंडाळ्याच्या चढावर एकदा कापडी टप उडाला. तो सौ. पद्मजा यांनी भर पावसात मांडीवर धरून ठेवला आणि पुण्यापर्यंत त्या हसत होत्या. पुढे त्या याच मोटारीने शाळेत शिकवायला जात. फाटकातून आत वळताना गियर बदलल्याचा आवाज अर्जदाराला आजही ओळखता येईल.

४. सुटकेच्या नमुन्यातील रकाना ७ मध्ये 'वाहन बंद असण्याचे खरे कारण' विचारले आहे. नमुन्यावर मालकाची सही लागते. सौ. पद्मजा म्हणतात, "कार्ब्युरेटर विलायतेहून यायचाय, हे अकरा वर्षं ऐकतेय. चालत निघालाय का तो? आधी खरं कारण लिहा, मग सही मागा."

अर्जदार खोटे लिहून देऊ इच्छित नाही. कार्ब्युरेटर मार्च २०१५ मध्येच टपालाने आला. तो अर्जदाराच्या कपाटात, जुन्या नकाशांच्या मागे, न उघडलेल्या खोक्यात आहे. त्याच महिन्यात काचबिंदूमुळे डॉक्टरांनी अर्जदाराला गाडी चालवण्यास मनाई केली. गाडी सुरू झाली असती, तर ती पत्नीने चालवली असती आणि अर्जदाराला शेजारी बसावे लागले असते. तेवढे त्याच्याने झाले नाही. म्हणून भाग आलाच नाही, असे त्याने घरी सांगितले. पत्नीने आपल्या वाहन परवान्याचे नूतनीकरण मात्र कधी चुकवले नाही. कशासाठी, हे अर्जदाराने एकदाही विचारले नाही.

५. मोटार ९ डिसेंबरला यंत्राखाली चेपली जाणार असल्याचे गोदामातून समजले. ती कारवाई थांबवावी आणि कसबा पेठेतील मेस्त्री रंगराव यांना गोदामात येऊन भाग बसवण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. त्यानंतर मोटार बाहेर काढताना सौ. पद्मजा यांनी चालवावी. अर्जदार डाव्या बाजूला बसेल व वाटेत कोणतीही सूचना करणार नाही, अशी लेखी हमी तो देत आहे.

मालकाच्या सहीची जागा तूर्त रिकामी आहे. ती भरली जाईपर्यंत हा अर्ज फेटाळू नये.

आपला नम्र तक्रारदार व अर्जदार,
दी. ग. वर्तक

सोबत : नेत्रतज्ज्ञांचे प्रमाणपत्र, मार्च २०१५ (आजवर कोणालाही दाखवलेले नाही).

प्रत : सौ. पद्मजा दीनानाथ वर्तक यांना, राहत्या घरी, टपालाने.