वरिष्ठ सभागृहाचे चौदा दिवस

६ जानेवारी १९५७, रविवार
बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या मराठी मंडळाची नवी घटना आज मंजूर झाली. मसुदा माझा. देशाला दोन सभागृहे, मग मंडळाला एकच का? खालच्या सभागृहात दरवर्षी निवडून येणारे सभासद. वरच्यात आम्ही ज्येष्ठ तिघे: मी, बेळगावकडचे संताजीराव आणि पिढ्यानपिढ्या इथलेच असलेले हयवदनराव. खालचे बरखास्त होऊ शकते, वरचे कधीच नाही. खालच्यांची घाई थोपवणे हे आमचे काम. यात वैयक्तिक हेतू नाही. माझी शनिवारची व्याख्यानमाला सुरक्षित राहील, इतकेच.

२० जानेवारी
वरिष्ठ सभागृहाचे पहिले अधिवेशन, गच्चीवरच्या खोलीत. कामकाज काही नव्हते. तरी राज्यसभेच्या आवश्यकतेवर पाऊण तास बोललो. हयवदनराव डोळे मिटून ऐकत होते. शेवटी "सरी, सरी" म्हणाले, म्हणजे कानडीत ठीक, ठीक. संताजीरावांनी विचारले, "संपलं का अण्णा? खाली भजी निवायला लागल्यात."

३ फेब्रुवारी, रविवार
खालच्या सभागृहात विधेयक आले. शनिवारी संध्याकाळी हॉलमधले व्याख्यान बंद, बायकांचा शिवणवर्ग सुरू. मांडणाऱ्या सौ. नीला. म्हणजे आमचीच बायको. एकमताने मंजूर.
आठवडाभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मान खाली घालून रेघा ओढतो. शनिवारी सहाला मान वर होते. तेवढेच काय ते माझे ऐकले जाते. जेवताना नीलाला म्हटले, घरी एका शब्दाने तरी बोलायचेस. ती म्हणाली, "सभागृहाची गोष्ट सभागृहात, हा नियम तुम्हीच केलात. आमटी वाढू?" वाढ म्हटले.
चिंता नाही. वरच्या सभागृहात हाणून पाडतो.

४ फेब्रुवारी
हाणून पाडता येत नाही. विधेयकात शिवणाची मशीन घेण्याची तरतूद आहे. खालचा अध्यक्ष पद्माकर, वय तीस, त्याने ते मनी बिल, म्हणजे पैशाचे विधेयक, ठरवले. त्याचा निर्णय अंतिम. मनी बिलावर आम्ही फक्त शिफारशी करायच्या, त्याही चौदा दिवसांत. तेवढ्यात बिल परत गेले नाही, तर ते जसेच्या तसे मंजूर धरायचे. कलम संविधानावरून मीच उतरवले. कलम उत्तम आहे. चौदा दिवसांत साम्राज्ये हलली आहेत.
निश्चय: असे भाषण करायचे की खालच्यांनी आपणहून बिल मागे घ्यावे.

१० फेब्रुवारी
भाषण सुरू. ग्रीस आणि रोम झाले. खालून ऐकायला कोणी आले नाही. जिना अरुंद आहे. संताजीराव म्हणाले, "अण्णा, एक ओळ लिहा की. व्याख्यान शनिवारी, शिवण रविवारी. आत्ता सही करून देतो." किती संकुचित दृष्टी! तत्त्वाचा प्रश्न, आणि एका ओळीत?

१३ फेब्रुवारी, बुधवार
खास बैठक. इंग्लंड झाले. फ्रान्सची राज्यक्रांती अर्ध्यावर. घसा बसला. नीलाने हळद घालून दूध दिले. प्रतिपक्षाकडून आलेले, तरी घेतले.

१७ फेब्रुवारी, रविवार
शेवटची बैठक. अत्यंत प्रभावी बोललो. आपल्या घटना समितीपर्यंत आलो. आता शिफारस मांडणार, एवढ्यात पद्माकर वर आला. म्हणाला, काका, मुदत संपली, बिल मंजूर धरले आहे.
संताजीराव हसले. "अण्णा, तुम्हीच बोलून बोलून पास केलं की ओ!" हयवदनराव जागे झाले. "सरी," म्हणाले.
तांत्रिकदृष्ट्या हा पराभव नव्हे. मतदानच झालेले नाही.
राग येईल असे वाटले होते. आला नाही. घरी येऊन भात खाल्ला.

२३ फेब्रुवारी, शनिवार
सवयीने कोट चढवला आणि सहाला हॉलवर गेलो. खुर्च्या पुरल्या नव्हत्या, बायका सतरंजीवरही बसल्या होत्या. परत वळलो तर नीलाने हाक मारली. शर्टाचे माप शिकवायचे होते, त्याला पुरुष हवा होता. कोट काढायला लावला. व्यासपीठावर उभे केले. मी प्रास्ताविकाचे दोन शब्द सुरू केले. छातीभोवती टेप आवळत ती म्हणाली, "बोलू नका. बोललात की छाती फुगते, माप चुकतं."
तासभर हात पसरून उभा होतो. सगळ्या एकटक माझ्याकडे पाहत होत्या. मधून एकही उठून गेली नाही.
पुढच्या शनिवारी लेंग्याचे माप आहे. येतो म्हटले.