राइनहाल्टचा शेंदरी ठिपका

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. माणसाकडे अस्सल जर्मन पिस्तूल असलं की त्याची कुठेतरी लेखी नोंद हवी. गेल्या महिन्यात नॉक्सव्हिलच्या एका माणसाला मासेमारीची होडी दिली आणि त्याच्याकडचं राइनहाल्ट घेतलं. सेकंडहँड, पण काय माल आहे! माझी बायको नेल्डा दोन दिवस बोलली नाही. होडीत माझ्यापेक्षा तीच जास्त बसायची. पण होड्या काय, टेनेसीत कुत्र्याच्याही नावावर असतात.

संकल्प: रोज रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर शंभर वेळा ओढून सराव. गोड पाय-पेस्ट्री खाणं बंद.

संध्याकाळी. सराव अकरा वेळा. बोट दुखलं. नेल्डाने पीच पाय केला होता, तो टाकायचा कसा?

९ मार्च, शनिवार.

आमच्या गावच्या पिस्तूल क्लबचा नेमबाजीचा दिवस. वीस गोळ्या, कागदावर सात. सगळ्या उजवीकडे. गोळ्या इथल्या बनावटीच्या, दुसरं काय होणार? जर्मन पिस्तुलाला त्या मानवत नाहीत.

नंतर नेहमीसारखा सगळ्यांचा डायनरमध्ये नाश्ता, गरम मऊ बिस्किटं आणि वर घट्ट पांढरी ग्रेव्ही. तिथे होलिसने काडी लावलीच. होलिस म्हणजे नेल्डाचा थोरला भाऊ आणि क्लबचा प्रेसिडेंट. लष्करात असताना जर्मनीत नेमणूक होती, तेव्हा त्याने तिथून स्वतः राइनहाल्ट आणलं, हे तो दर शनिवारी सांगतो. माझं पिस्तूल उलटसुलट करून म्हणाला, दाजी, याच्यावर तर 'राइनहाल्ट, कोल्टर्स फेरी, टेनेसी' असं कोरलंय. हे चिकनच्या कारखान्यामागे आपल्या गावातच बनलंय.

मी शांतपणे समजावलं. बाहेरून आलेल्या मालावर आणणाऱ्याच्या गावाचं नाव घालायचं असा कायदाच आहे. म्हणजे गावाचं नाव आहे हाच बाहेरून आल्याचा पुरावा. इथेच बनलेल्या वस्तूवर इथलं नाव कोण कशाला घालेल? आपल्या परसातल्या टोमॅटोवर आपण पत्ता लिहितो का? क्लबमधल्या थर्बरला एकदम पटलं. थर्बरचं स्वतःचं पिस्तूल कुठलंसं ऑस्ट्रियन नावाचं आहे. तो म्हणतो, कुठे का बनेना, अडकत नाही ना, बास. त्याला मालाची पारख नाही.

होलिस नुसता चावत बसला. जिंकलो.

१२ मार्च, मंगळवार.

नेल्डा त्याच राइनहाल्टच्या कारखान्यात तिसरं वर्ष नोकरी करतेय. शेवटच्या टेबलावर. मी लोकांना सांगतो, पॅकिंगला आहे. पिस्तुलं जर्मनीतून येतात, ही डब्यात घालते. ती म्हणते, मी स्क्रू घट्ट करते आणि तपासते. मी म्हटलं, डब्यालाही स्क्रू असतील. तिने भांडी घासायला घेतली.

तक्रार: बाथरूमच्या कपाटात नेलपॉलिशच्या तीन बाटल्या सापडल्या, तिन्ही एकाच रंगाच्या. बाईची नखं मात्र बोडकी. मग हा शृंगार कोणासाठी? मी एकतीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर होतो, माझ्या नजरेतून रंग सुटत नाही. शेंदरी, त्यात पिवळ्याचा एक थेंब जास्त. लक्षात ठेवलंय.

१७ मार्च, रविवार.

मोठा दिवस! नेल्डा चर्चला गेली तेव्हा पिस्तूल साफ करायला म्हणून मुठीची पट्टी पहिल्यांदा उघडली. आत स्क्रूच्या डोक्यावर एक इवलासा ठिपका. हाताने दिलेला. शेंदरी, पिवळ्याचा एक थेंब जास्त. असला रंग अमेरिकेत मिळतच नाही.

ही कारागिराची गुप्त खूण. दुसरं काही असूच शकत नाही.

२३ मार्च, शनिवार.

नाश्त्याला ठिपका दाखवला. सगळ्यांनी आपापली रिकामी पिस्तुलं तिथेच उघडली. थर्बरचा स्क्रू ग्रेव्हीत पडला, वेट्रेस आम्हा सगळ्यांना फाडफाड बोलली. ठिपका कोणाच्याच पिस्तुलात नाही. होलिसच्याही नाही! मी म्हटलं, उस्ताद प्रत्येक नगावर खूण करत नाही, मनासारखा उतरला तरच करतो. नाव विचारलं तेव्हा योहान म्हणून सांगितलं. काहीतरी नाव असणारच त्याला.

एकमताने मला क्लबचा 'आयात अधिकारी' केलं. पाठीवर तसं लिहिलेलं जॅकेट मिळणार आहे. जूनमध्ये अस्सल जर्मन माल कसा ओळखावा यावर भाषण.

३० मार्च, शनिवार. दुपारी.

नेल्डाला योहानबद्दल सांगितलं. ती बीन्स ढवळत होती, थांबली. दाखव म्हणाली. ठिपका पाहिला, पिस्तुलाचा नंबर पाहिला आणि विचारलं, नीट चालतंय ना? उजवीकडे जात नाही ना आता?

मी म्हटलं, डबे भरणाऱ्या बाईला उजवं-डावं काय कळतंय.

यावर ती जी हसायला लागली! ॲप्रनने डोळे पुसले. मग म्हणाली, "योहानचं बरं चाललंय म्हणायचं."

बायकांना पोलादातलं काही कळत नाही.

६ एप्रिल, शनिवार.

होलिसने नवीन टूम काढली. कंपनीला पत्र लिहून विचारू या, खूण कसली ते. नाही म्हटलं असतं तर घाबरलो असं दिसलं असतं. उलट मीच मजकूर सांगितला, वर ठिपक्याचा फोटो आणि पिस्तुलाचा नंबर. इथल्या ऑफिसला नको, थेट जर्मनीला पाठवा म्हणून मीच आग्रह धरला. आता होलिसचं तोंड कायमचं बंद.

सराव: पाच वेळा. जॅकेट आलं. काखेत घट्ट होतं.

१८ एप्रिल, गुरुवार.

नेल्डाच्या मागोमाग औषधांच्या दुकानात गेलो, ग्रीटिंग कार्डांच्या मागे उभा राहिलो. तिने त्याच रंगाच्या दोन बाटल्या घेतल्या. समोर जाऊन विचारलं, कोणासाठी? कामासाठी, म्हणाली. आणि तू सांत्वनाची कार्डं कशाला चाळतोयस?

घरी येऊन एक बाटली पिस्तुलातल्या ठिपक्याजवळ धरली. तोच रंग. उजेड बरोबर नसेल म्हणून खिडकीपाशी नेली. तोच. बाहेर पोर्चवर नेली.

योहानही हीच कंपनी वापरत असावा.

बाटली होती तिथे परत ठेवली.

२७ एप्रिल, शनिवार.

उत्तर आलं. होलिसने उभं राहून वाचलं. पत्र फार सभ्य आहे. तुमचं पिस्तूल आमच्या कोल्टर्स फेरीच्या कारखान्यात बनलेलं आहे. असा ठिपका देण्याची आमच्याकडे कुठलीही पद्धत नाही. परवानगीशिवाय कोणी कामगार भागांवर रंग लावत असेल तर ती गंभीर बाब आहे. सहा मेला आमचा माणूस जर्मनीहून तिथे येईल. पिस्तूल त्याला दाखवावं, म्हणजे ते कोणत्या टेबलावरून गेलं हे शोधता येईल.

सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात थर्बर म्हणाला, होलिस, तुझी बहीण तिथेच आहे ना रे?

होलिसचा चेहरा उतरला. एवढा मोठा माणूस, कागदाची घडी घालता येईना त्याला. मग हळूच म्हणाला, ती पॅकिंगला आहे. दाजीच सांगतात ना नेहमी.

मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं म्हणणं खरं मानलं, आणि तेच नेमकं खोटं.

२९ एप्रिल, सोमवार.

नेल्डा जेवणाचा डबा भरताना गुणगुणत होती. तिला टेबलाची मुख्य करणार आहेत. तीन वर्षांच्या नोकरीनंतर. म्हणाली, मग आपण होडी परत घेऊ या, ऑर्विल, हिरवी. मी तिच्या डब्याचं झाकण लावलं.

मीच पत्र लिहायला लावलं. मीच फोटो काढला. मीच जर्मनीला पाठवा म्हटलं. सगळ्या वाटा मी स्वतःच्या हाताने बुजवल्या आहेत. पिस्तूल हरवलं म्हणावं तर पोलिसात जावं लागेल. नदीत टाकावं तर पुलावर थर्बर गळ टाकून बसलेला असतो.

३० एप्रिल, मंगळवार.

उपाय सापडला. नेलपॉलिश काढायचं पाणी. ठिपका एका पुसण्यात गेला. त्याबरोबर प्लास्टिकची पट्टीही विरघळून पांढरी पडली, माझं बोट तिला चिकटलं. नेल्डा कामावर होती म्हणून बरं. बोट लोणी लावून सोडवलं.

पण फोटो जर्मनीत आहे. फोटो कसा पुसणार?

४ मे, शनिवार.

जॅकेट घालून गेलो. बिस्किटं यायच्या आत उभा राहिलो. बसलो असतो तर बोललोच नसतो.

"ठिपका मीच लावला होता. बायकोची नेलपॉलिशची बाटली घेऊन. योहान-बिहान कोणी नाही. पिस्तूल इथलं आहे, मला आधीपासून माहीत होतं."

आधी थर्बर हसायला लागला आणि मग सगळं डायनर. वेट्रेससुद्धा. थर्बर म्हणाला, बघू नखं. मी लोण्याच्या बशीकडे बघत बसलो. कान नुसते पेटले होते.

होलिस हसला नाही. त्याने माझ्या कपात कॉफी ओतली, काठोकाठ. म्हणाला, कंपनीला आजच कळवतो, म्हाताऱ्याचा वात्रटपणा होता, माणूस पाठवू नका. मग कानाशी वाकून म्हणाला, "दाजी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. पण आज बरं बोललात."

जॅकेट परत दिलं. भाषण रद्द. आता दर शनिवारी टार्गेटच्या भोकांवर कागद चिकटवायचं काम माझ्याकडे. तेवढं तरी शांतपणे होईल.

७ मे, मंगळवार.

जर्मन माणूस काल आलाच. त्याचं विमान आधीच सुटलं होतं. मला हे आज जेवताना कळलं. नेल्डाला सगळं सांगून टाकलं, पत्रापासून लोण्यापर्यंत.

तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, अरे, ठिपका ही आमची इथलीच युक्ती, जर्मनीला ठाऊक नसली तरी सुपरवायझरला पहिल्यापासून माहीत आहे. कंपनीचा रंग वाळतच नाही, म्हणून मी माझा नेते. जर्मनाने बाटली पाहिली, किती वेळात वाळतो ते घड्याळ लावून मोजलं आणि दुकानाचं नाव लिहून घेतलं. आता सगळ्या टेबलांवर तीच बाटली येणार. आणि मी आजपासून मुख्य.

म्हणजे मी उगाचच.

मी विचारलं, तू मला आधीच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तीन वर्षं सांगतेय.

मग म्हटलं, निदान तो ठिपका तू चांगल्या नगावरच लावत असशील. तिने माझ्या हातावर हात ठेवला. असा हात ती दवाखान्यात आजाऱ्याच्या हातावर ठेवते.

"पहिल्या तपासणीत नापास झालेलं पिस्तूल मी दुरुस्त करून पुढे सोडते ना, त्यावर लावते. परत आलं तर ओळखता यावं म्हणून. तुझं उजवीकडे मारत होतं."

मी म्हटलं, अजूनही मारतं.

"नाही, ऑर्विल. ते मी सरळ केलंय."

११ मे, शनिवार. दुपारी.

एकशे बारा भोकं बुजवली. त्यातली माझी नऊ, सगळी उजवीकडची.

नॉक्सव्हिलच्या माणसाला फोन केला. म्हटलं, पिस्तूल परत घे, माझी हिरवी होडी दे. तो म्हणाला, होडी झकास चालतेय. पण आतून कारागिराची खूण असलेली खरी जर्मन राइनहाल्टं फिरतायत असं ऐकलंय. तुझं तसलं असेल तर देतो बाबा.

नेल्डा समोरच भाजी निवडत होती.

म्हटलं, नाही. हे इथलंच आहे. माझ्या बायकोच्या हातचं.

त्याने फोन ठेवला. नेल्डाने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, कोणी नाही.

सराव: बारा वेळा.