रतनच्या हाताचा आकडा

१२ नोव्हें., बुध.

सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात गेले तर रतनची जागा रिकामी. बावीस वर्षं मासळी तिच्याकडूनच. शेजारची म्हणाली, "काल शिंगाळ्याचा काटा घुसला तिच्या हातात. पहाटे थंडी भरून ताप आला. आत्ताच न्हेलीन दिरान, मिरजोळ्याच्या हॉस्पिटलात." शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा रतनला वर्षातून चारदा लागतो. हळद दाबते नि पुन्हा पाटीवर बसते. हॉस्पिटल म्हणजे काहीतरी भलतंच.

दहा वाजता शहरातल्या आमच्या लॅबमध्ये, हॉस्पिटलातून आलेली तिचीच ट्यूब हातात आली. रतन, वय ५१. सव्वीस वर्षं लोकांचं रक्त तपासतेय, पण ज्याचा आवाज ओळखीचा आहे असं रक्त क्वचितच येतं. ट्यूबवरचं नाव दोनदा वाचलं, मग मशीनला लावली.

पीसीटी, म्हणजे जंतू रक्तात शिरले की चढणारा आकडा, ०.९. आयसीयूच्या डॉक्टरांचा लगेच फोन. (मी त्यांना मनात गंभीरराव म्हणते, हसताना कुणी पाहिलेलं नाही.) "एवढाच? मग जंतूंचं नसेल." मी म्हटलं, "डॉक्टर, ताप पहाटेचा. आकड्याला चढायला वेळ तर द्या." ते म्हणाले, "बरोबर आहे. उद्या पुन्हा पाठवतो."

लॅक्टेट मात्र ४.६. शरीराला रक्तपुरवठा कमी पडायला लागला की हे साचतं, आणि ते पीसीटीसारखं सावकाश येत नाही. डॉ. म्हणाले, "सर्जन आता हात उघडून धुणार. दोन वाजता लॅक्टेट पुन्हा करू. खाली आलं तर इथंच, नाहीतर कोल्हापूर." त्या अवस्थेत आंबा घाट. नको रे बाबा.

बुध., संध्या.

चूक माझीच. आमचा नमुने आणणारा आज रजेवर. दोनच्या नमुन्यासाठी रतनच्या दिराला, दत्तारामला, फोनवर सांगितलं, "बर्फात घालून आणा." दत्ताराम तीस वर्षं ट्रॉलरवर. बर्फ म्हटल्यावर त्याला जे येतं ते त्याने केलं. थर्माकोलचा खोका, खाली चुरा बर्फ, मध्ये ट्यूब, वर चुरा बर्फ, आणि त्यावर दोन मुठी जाडं मीठ. "मुंबयच्या गाडीला भरतो तशी भरलीय, ताय. उद्यापरेंत हालायची नाय!" केवढा अभिमान तोंडावर.

मिठाने बर्फ शून्याच्या खाली गेला नि रक्त गोठलं. पेशी फुटल्या. मशीनमधून फिरवून काढलं तर वरचं पाणी कोकमाच्या आगळासारखं लाल. फेकायच्या लायकीचं. दत्ताराम विचारतो, "काय आला, ताय?" त्याला काय सांगू? मीच सांगायला हवं होतं की नुसता बर्फ, पिशवीत बांधून, मीठ नको. मासळीवाल्याला बर्फ शिकवायचा नाही असं मनात धरून बसले.

पुन्हा नमुना घेईपर्यंत साडेतीन. या वेळी मी स्वतः रिक्षाने जाऊन घेऊन आले. ३.१. उतरलं. कोल्हापूर रद्द.

पण दोन वाजता किती होतं? कदाचित पाच असतं, आणि आत्ता ती घाटात असती. कदाचित ३.८. ते कधीच कळणार नाही. मीठ खाऊन गेलं ते.

१३ नोव्हें., गुरु.

पीसीटी ५८! कालचा ०.९ कुठे नि हा कुठे. गंभीररावांना कळवलं तर म्हणाले, "तुम्ही म्हणालात तसंच झालं." म्हणजे ते ऐकतात. नोंद घेतली.

दुपारी जुनी पुस्तकं काढून बसले. विचित्र गोष्ट आहे ही. पीसीटी, म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन, हे खरं तर गळ्यातल्या थायरॉइडचं घरगुती काम. एका हार्मोनचा कच्चा माल. रोजच्या दिवसात तो रक्तात जवळजवळ सापडतच नाही. पण जंतू रक्तात धुमाकूळ घालायला लागले की यकृत, फुप्फुस, चरबीसुद्धा, सगळे तोच माल काढायला लागतात. का? त्याने लढायला मदत होते की आणखीच बिघडतं? पुस्तकात एक पान "असे मानले जाते" नि "अद्याप स्पष्ट नाही" यांनीच भरलंय. मजा वाटली. रोज ज्याच्यावर सही करते तो कशासाठी येतो हे कुणालाच पुरतं माहीत नाही.

माझा थायरॉइड आठ वर्षांपूर्वी काढला. तरी मला असं काही झालं तर माझा आकडाही चढेल म्हणे. संध्याकाळी सहज स्वतःचं रक्त लावलं. मशीनला मोजता येईल त्याच्याही खाली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अभिनंदन. जेवायला काय?" बाजारात गेले नव्हते. वरण-भात.

१४, शुक्र.

पीसीटी ६१. हा बहुधा माथा. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघतात त्यात, व्हिब्रियो उगवला, पटकीच्या जंतूचा खाऱ्या पाण्यातला भाऊबंद. समुद्रात कायमच असतो. रतनला साखर आहे, त्यातच त्याचं फावलं, आणि हे तिलाच माहीत नव्हतं. तेही माझ्याच रिपोर्टात निघालं. बावीस वर्षं समोर बसून बोलतोय, एकदा बोट टोचून बघितलं असतं तर. ज्याचं त्याचं काम समोरच असतं नि दिसत नाही.

१५, शनि.

३९. आलेखाच्या कागदावर टिंबं काढायला घेतली. चांगलं लक्षण म्हणजे दर दिवशी निम्म्याच्या आसपास यायला हवा. माथ्याच्या पाचव्या हिश्शाखाली आला की अँटिबायोटिक थांबवायचा विचार करतात. मला १२ च्या खाली हवंय.

१६, रवि.

आकडा २३. आज भेटायला गेले. लॅबवाल्याने पेशंटला भेटायचं नाही असा काही नियम नाही, पण आजवर मी पाळलाय. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्याने भाताच्या टोपात डोकावू नये, असं माझं म्हणणं.

रतन शुद्धीवर. तोंड सुकलेलं, डोळे तेच. उजवा हात फडक्यात. करंगळी नि शेजारचं बोट टोकाला काळी.

"शैलाबाय, तू बघतंस ना माजां रगत? काय म्हनतो तुजा आकडा?"

उतरतोय म्हटलं, आलेखाच्या कागदाचंही सांगितलं.

"मी कल्ला बघून मासळी सांगतंय, तू रगत बघून मानूस सांगतंस. एकच धंदा." मग जरा दम घेऊन, "पन कल्ला पन फसवतो हां. बर्फ जास्ती झाला का शिळी मासळी पन लाल दिसते. म्हनून मी बोट लावून बघतंय."

तिला मिठाचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. हसली, हसताना खोकला आला, नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर दत्ताराम. पहिलंच विचारलं, "हात ऱ्हाईल ना, ताय? वयनीचा उजवा हात म्हंजे आमची दुसरी होडी." मी म्हटलं, सर्जनना विचारा. पळपुटं उत्तर.

१७, सोम.

२२. फक्त एकाने उतरला. कालच्या वेगाने १४ च्या आसपास यायला हवा होता. किट नवीन उघडलं म्हणून आधी किटवर संशय. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना, लावला, बरोबर आला. तसं इतर सगळं ठीक आहे, लॅक्टेट १.४, ताप नाही. एकच आकडा हटून बसलाय.

१८, मंगळ.

२१.४. गंभीरराव स्वतः लॅबमध्ये आले, आलेखाचा कागद मागितला. (कागदाबद्दल त्यांना कुणी सांगितलं? रतननेच.) टिंबांवरून बोट फिरवत म्हणाले, "कुठेतरी आत अजून पू आहे. किंवा मूत्रपिंडं थोडी मंदावलीत म्हणून आकडा रेंगाळतोय. क्रिएटिनिन वाढलंय ना." दोन्ही शक्य आहे. सर्जनचं म्हणणं, आत जंतू उरला असेल तर मनगटापासून हात काढायचा, वर चढला तर माणूस जाईल. नसेल तर दोन बोटांवर भागेल. "उद्याचा आकडा बघून ठरवू."

म्हणजे माझा आकडा. एवढ्या वर्षांत कितीतरी रिपोर्टांवरून काय काय कापलं गेलं असेल. मी तेव्हा पुढची ट्यूब लावत होते.

सोनोग्राफी केली, सूज एवढी की काही स्पष्ट नाही. एम.आर.आय.साठी हलवायचं तर पुन्हा धोका.

आज कामात लक्ष नव्हतं. दोन बिलं चुकीच्या लिफाफ्यात गेली.

१९, बुध.

सकाळी सातलाच लॅब उघडली. आठला ट्यूब आली. नुसत्या बर्फात, पिशवीत बांधून. वर दत्तारामने चिकटपट्टीवर लिहिलेलं, "मीठ नाही".

२०.९.

पुन्हा लावलं. २१.८.

तिसऱ्यांदा. २०.३.

एकच रक्त, एकच तास, तीन आकडे. मशीनचा हात एवढा हलतोच, हे मी नवख्या मुलींना दर वर्षी शिकवते. एरवी पहिला आकडा लिहून सही करते, कुणी विचारत नाही. आज २०.३ कडे बघत बसले. तो कागदावर टाकला तर टिंब खाली जातं, रेघ उतरती दिसते, आणि तिचा हात राहतो. २१.८ टाकला तर रेघ वर वळते. दोन्ही खरे आहेत. मला कोणता हवाय ते मला चांगलंच ठाऊक होतं, म्हणून भीती वाटली.

साडेनऊला गंभीररावांचा फोन. सर्जन तयार होऊन थांबलेत. "मॅडम, उतरतोय म्हणू का?"

तिन्ही आकडे वाचून दाखवले.

"म्हणजे उतरतोय की नाही?"

"यात कालच्यापेक्षा फरक आहे की नाही, ते हे मशीन सांगू शकत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

सव्वीस वर्षांत रिपोर्टावर सगळं लिहिलं, नमुना अपुरा, नमुना खराब, पुन्हा पाठवा. हा शब्द कधी लिहिला नव्हता.

"मला माहीत नाही, डॉक्टर."

फोन चालूच ठेवून ते रतनच्या खाटेशी गेले. मागे सर्जनचा आवाज, मोठ्याने काहीतरी. मग गंभीरराव म्हणाले, "पेशंटला विचारलं मी. ती म्हणाली, शैलाबायला माहीत नाय तर आपन पन थांबूया जरा. सहा वाजेपर्यंत थांबतो. तेव्हा पुन्हा नमुना, क्रिएटिनिनसकट."

फोन ठेवला आणि खुर्चीत बसून रडले. काउंटरवर माणसं उभी होती, त्यांनी पाहिलं तर पाहिलं.

माझ्या 'माहीत नाही'ने तिच्या हाताला एक दिवस मिळाला. की तिच्या जिवाचा एक दिवस गेला. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. ट्यूब आणायला मीच निघालेय.