पाणी पिऊन पुढचं वाच

स्लाऊ, इंग्लंड,
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. अवधूत,

तुला, मनीषाला आणि स्वरालीला आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मनाला येईल तेव्हा चालतो, बाकीचे अवयव माझं ऐकतात.

तुला मराठी वाचता येत नाही हे ठाऊक असून मराठीत लिहितेय, कारण मला इंग्रजी लिहिता येत नाही आणि या वयात मी शिकणार नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तुझी मराठीची शाळा सुरूच झाली नाही. मनीषा वाचून दाखवेल. फोनवर तू दोन मिनिटांत ‘आई, मीटिंग आहे’ म्हणतोस. पत्राला मीटिंग सांगता येत नाही.

घराच्या सहीचं तू तीनदा विचारलंस. त्याचं उत्तर यात आहे, पण खाली आहे. आधी बाकीचं ऐकायचं. मनीषा, सावकाश वाच, मधलं गाळू नकोस.

पहिलं, पत्राची पेटी. फेब्रुवारीत मी मनीषाच्या नावाने एक पत्र टाकलं होतं. ते परत आलं, वर फ्रेंचमध्ये पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. शेजारच्या सुनेत्राची बहीण पाच वर्षं तिकडेच फ्रान्सात राहते, तिला चिठ्ठीचा फोटो पाठवून वाचायला लावली. ती म्हणाली, तिकडे पेटीवर ज्याचं नाव त्याचंच पत्र टाकतात. नाव नाही म्हणजे ते माणूस तिथे राहतच नाही असं धरतात. तुझं नाव आहे, मी फोटोत पाहिलं, पितळेचं आहे, चांगलं आहे. खाली बोटभर जागाही होती. तिथे मनीषाचं नाव लाव. पितळ नको, कागदाची पट्टी चालते म्हणे.

दुसरं, गाडी. मनीषा इथून मिल्टन कीन्सला कामाला जायची, आठवड्यातून तीन दिवस, एकटी. तिथल्या त्या राउंडअबाउटच्या गोल चौकांत मला बाजूला बसूनसुद्धा गरगरायचं, ती मात्र गाणी ऐकत जायची. आणि आता म्हणे तिला भीती वाटते, उजव्या बाजूने चालवायची. असं तू म्हणालास. ती शेजारीच बसली होती, तिने नुसती मान हलवली. दुकान तुमच्यापासून सहा मैलांवर, ब्रेडवाल्याची गाडी आठवड्यातून दोनदा, बस शाळेच्या वेळची एकच. तिला गाडीची किल्ली दे. चार दिवस चुकेल, पाचव्या दिवशी चालवेल.

तिसरं, व्हिसा. सुनेत्राची बहीण म्हणाली, गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो तिकडच्या वेबसाइटवर नोंदवायला लागतो, मोठ्या माणसाने आपापला. तुम्ही ४ जानेवारीला गेलात. तुझा नोंदवून झाला हे तू मोठ्या फुशारकीने सांगितलंस. मनीषाचं विचारलं तर ‘बघतो’ म्हणालास. बघण्यासारखं काय आहे त्यात, सिनेमा आहे का?

चौथं, स्वरालीचं जेवण. शाळेत गुरुवारी बीफ असतं आणि ती नुसता पाव खाऊन येते. शाळेला लिहून दे. तुझ्या बायकोला फ्रेंच येत नाही म्हणून ती जाऊ शकत नाही, क्लासला तू पाठवत नाहीस म्हणून तिला फ्रेंच येत नाही. हे असं किती दिवस चालवणार?

आणि शेगडीत ओलं लाकूड घालू नकोस. धूर तू करतोस आणि काच ती पुसते.

एवढं वाचून तिचा घसा सुकला असेल. मनीषा, पाणी पी, आणि पिताना पुढचं बघ.

आता मनात वाच. तोंडाने त्याला सुनेत्राच्या गंधारच्या लग्नाचं सांग. मुलगी वॉटफर्डची, डेंटिस्ट आहे, हॉल मिळत नाही, मुलीकडच्यांना साडेतीनशे माणसं बोलवायची आहेत आणि सुनेत्रा रोज येऊन माझं डोकं खाते. लांबवायला पुष्कळ आहे. तुला जमतं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत दीड वर्ष तू मला माझ्या भावाची, कमलाकरची पत्रं वाचून दाखवलीस. डोळा बरा झाल्यावर मी ती सगळी परत काढली. त्यात त्याचं दुखणं पानं भरभरून होतं आणि तू मला आंब्याच्या मोहोराचं सांगत होतीस. एक ओळ पुढे बघून, एका दमात, चेहरा न हलवता. तेव्हा मला राग आला होता, मी बोलले नाही. आज तेच कर.

स्वराली जवळ असेल तर इथेच थांब. अक्षर लागत नाही म्हण आणि पत्र मिटून ठेव. तिला अक्षरं मीच शिकवली, आणि ती दिसेल ते मोठ्याने वाचते. ती शाळेत असताना पुढचं वाच.

फोटो काढून त्याचा फोन भाषांतर करेल म्हणून घाबरू नकोस. सुनेत्राच्या फोनला माझं अक्षर दाखवून बघितलं. त्याने ‘म्हैस’, ‘स्टेशन’ आणि ‘हार्दिक अभिनंदन’ एवढं काढलं. मी यातलं काही लिहिलं नव्हतं.

मला जे लिहायचंय ते मागच्या पत्रात मी लिहिलंच नव्हतं. त्यात मसाल्याचं आणि थंडीचं होतं. परत आलं ते बरं झालं.

लग्न होऊन आलीस तेव्हा तुझा पासपोर्ट मी मागून घेतला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. सगळ्यांचे कागद त्यातच असायचे. सुनेच्या किमती वस्तू सासूच्या कपाटात, माझ्या सासूनेही तसंच केलं, मी कधी विचारही केला नाही. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी तू पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, ‘आई, माझा आणि स्वरालीचा पासपोर्ट माझ्याकडे देता का, पर्समध्ये ठेवते.’ थोड्या वेळाने परत म्हणालीस. मी म्हणाले, ‘कागद पुरुषाच्या हातात असतात, पर्स घेऊन काय मेथी आणायला निघालीयस?’ आणि डबा उचलून अवधूतच्या हातात दिला. तुझ्यासमोर.

तू पुढची पोळी घेतलीस. तेव्हा तुझी बाही वर सरकली होती. मनगटाला चार निळे वळ होते. मी बघतेय हे बघून तू म्हणालीस, तवा लागला. तवा लागला तर एकच चट्टा उठतो, बाई. चार उठतात ते बोटांचे. मला माहीत आहे, कारण मीसुद्धा सगळ्यांना तवाच सांगायचे.

मुरलीधर. आज नाव लिहिते नवऱ्याचं, उभ्या जन्मात घेतलं नाही. त्यांनी माझा पासपोर्ट फॅक्टरीतल्या लॉकरमध्ये ठेवला, नऊ वर्षं. माझे वडील गेले तेव्हा मी इथे बसून वांग्याचं भरीत करत होते. लोकांना सांगितलं, तिकीट मिळालं नाही. लोक म्हणाले, मुरलीधरराव किती शिस्तीचे. मी पण तेच म्हणायचे. अवधूत सहा वर्षांचा होता. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून बघायचा. मला वाटायचं पोरगं घाबरलंय. ते शिकत होतं.

रविवारी व्हिडिओवर तू चहाला उठलीस तेव्हा स्वराली फोनला तोंड लावून म्हणाली, ‘आजी, मम्मीचा फोन बाबाने कपाटाच्या वर ठेवली. मम्मी रडला नाही.’ मग मागून एक हात आला आणि चित्र गेलं. पाच मिनिटांनी अवधूतचा मेसेज आला, नेटवर्क खराब आहे.

रडायचं नाही. तो तुझ्याकडे बघतोय. लग्नाचं संपव आणि खालचं मोठ्याने वाच.

तर गंधारचं हे असं आहे. आता सही.

अवधूत, मी सही करायला तयार आहे. हे घर माझ्या नावावर आहे, पण मला इथे जिन्यावरून चढ-उतार होत नाही आणि तुला तिकडचं छप्पर नीट करायचंय, तर विकून टाकू. भांडण नको. सुनेत्राच्या ओळखीच्या सॉलिसिटरबाई आहेत, त्यांच्याकडे मी जाऊन आले. त्यांनी सांगितलं, घरात राहून गेलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही लागते, म्हणजे मनीषाचीही. पोस्टाने चालत नाही. त्यांच्या समोर बसून करायची आणि मूळ पासपोर्ट टेबलावर ठेवायचे. स्वरालीच्या नावाने मला थोडं बाजूला ठेवायचंय, म्हणून तिचाही लागेल. झेरॉक्स नको म्हणाल्या. फोनमधला फोटो तर अजिबात नको.

शुक्रवार, २८ मार्च, सकाळी अकरा वाजता. त्यानंतर बाई महिनाभर सुट्टीवर आहेत. तुम्ही तिघं गुरुवारी या. स्वरालीची दोन दिवस शाळा बुडेल तर बुडू दे. एकटा येऊ नकोस. एकटा आलास तर सही होणार नाही आणि मी परत कधी करायला बसेन याचा भरवसा नाही, माझं वय तुला माहीत आहे.

मनीषा, तो आता फोनमध्ये तारीख घालत असेल किंवा तिकिटं बघत असेल. सहीचं ऐकल्यावर त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. बापाचा स्वभाव. तेवढ्यात हे वाच. विचारलंच तर म्हण, आई कुठल्या बसने यायचं ते लिहितात.

सॉलिसिटरबाईंना सगळं माहीत आहे. घर विकायचं नाही. सही वगैरे काही नाही. सुनेत्रा मला आणखी एका ठिकाणी घेऊन गेली होती, बायकांना मदत करतात तिथे. मी गुडघ्याचं नाटक करत आत गेले आणि नऊ वर्षांचं सगळं सांगून बसले, तिथल्या मुलीने चहा दिला तो तसाच गार झाला. त्या म्हणाल्या, उशीर करू नका. स्वरालीचं काय करायचं, तुझं काय करायचं, ते कायद्याने कसं होतं, सगळं त्या बघतील. त्या दिवशी त्यांच्यातल्या दोघी पलीकडच्या खोलीत बसलेल्या असतील.

पासपोर्ट टेबलावर आले की बाई म्हणतील, कॉपी काढून आणते, आणि तुमच्या दोघींचे घेऊन आतल्या दारातून जातील. मग म्हणतील, मनीषा, इकडे या, एक फॉर्म राहिला. स्वरालीला शू लागलेली असेल. तिला लागलेली नसली तरी लागलेली असेल. तू तिला घेऊन आत जायचं आणि मागे वळून बघायचं नाही. ते दार आमच्या बाजूने उघडत नाही, मी स्वतः ढकलून बघितलंय.

मी त्याच्यासमोर बसून राहणार आहे. तो उठला तर माझ्यावरून जावं लागेल. माझ्यावर त्याचा हात अजून उठलेला नाही. उठला तर तोही त्या बाईंच्या समोर उठेल.

तोपर्यंत सतरा दिवस आहेत, त्यातले पाच-सहा हे पत्र पोचण्यातच जातील. उरलेले नीट काढ. त्याला उलट बोलू नकोस. किल्ली मागू नकोस, पेटीवर नावही मागू नकोस, ते मी वर लिहिलंय ते नेहमीसारखी टोचणारी म्हातारी वाटावी म्हणून. मी टोचलं नाही तर तो विचार करेल. सामान बांधू नकोस, एक मोजासुद्धा जास्तीचा घेऊ नकोस. स्वरालीला काही सांगू नकोस, ती सगळं सांगते, तेच तिचं चांगलं आणि तेच वाईट.

२३ तारखेच्या रविवारी फोनवर मी विचारीन, मेतकूट संपलं का. यायचं असेल तर ‘संपलं’ म्हण. ‘आहे अजून’ म्हणालीस, किंवा तुझ्या जागी त्याने उत्तर दिलं, तर मी तिकडे येते. सुनेत्राने गाड्या बघून ठेवल्यात. दुकानापासूनचे सहा मैल मी चालेन, गुडघा गेला खड्ड्यात.

तू माझ्यावर भरवसा का ठेवावास, हे मला नाही सांगता येत. डबा मीच दिला होता.

पत्र वाचून झालं की त्याच्याच हातात दे. लपवू नकोस. लपवलेलं ही माणसं शोधून काढतात, मी लपवून बघितलंय. शेगडीत घालू नकोस. टेबलावर बिलांच्या खाली पडू दे, पण स्वराली यायच्या आत.

आता मोठ्याने.

अवधूत, बसचं मी मनीषाला लिहून दिलंय, तुला समजायचं नाही. येताना तिकडचं ते मीठ घालून केलेलं लोणी आण. गरम कपडे आणा, इथे वारा आहे. तुझ्या खोलीत गादी घातली आहे. तुझ्या बाबांचा फोटो मी भिंतीवरून काढलाय, रंग द्यायचाय म्हणून, आल्यावर विचारू नकोस.

सही झाली की घरी येऊन जेवू. मटण करीन, तुला आवडतं तसं, जास्त खोबऱ्याचं. सकाळीच रांधून ठेवीन, चार ताटं मांडूनच बाहेर पडेन. तू लहान असताना शाळेच्या सहलीला जायचास तेव्हा मी खिडकीत उभी राहून वाट बघायचे. यावेळीही बघतेय. वेळेवर या.

तुझी आई,
द्वारका

मनीषा, हे मनात. ‘तुझी आई’ त्याला मोठ्याने वाचून दाखव, पण ते लिहिलंय तुला. ताटं तीनच मांडणार आहे.