घरगाडीचे शॉकअप

दिंडोशी, गोरेगाव पूर्व
११ जानेवारी २०२५

प्रिय जयंतीताई,

नमस्कार. आम्ही इथे सगळे ठीक आहोत. तुमचा खुबा आता कसा आहे? वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाता, असं अपूर्वा सांगत होती. अंगणात जा, पण पायऱ्या उतरायला जाऊ नका. एकदा पडलात तेवढं पुरे झालं.

मोबाइल हातात असताना ही बाई पत्र कसलं लिहितेय, असं वाटेल तुम्हाला. अहो, दोन खोल्यांचं घर. मी फोनवर बोलायला लागले की तुमची लेक आतून कान लावून बसते. मेसेज पाठवावा तर तुमच्याकडे तो शेजारची पोरं मोठ्यांदा वाचून दाखवतात, म्हणजे अख्ख्या वाडीला कळणार. आमच्या बिल्डिंगमधले एक जण गावी निघालेत, त्यांच्या हाती हे देते. एकट्याच बसून वाचा.

अपूर्वाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तिला घेऊन या, असं तुम्ही दोनदा फोनवर म्हणालात. तुमचं बरोबरच आहे. तुमच्या जाऊबाई हाताशी आहेत, घर मोठं आहे, आणि पोरीला तुम्ही हव्यात. तुम्ही पडल्यापासून ती नीट जेवत नाही. मागच्या वेळी चौथ्या महिन्यात गेलं, तेव्हाही तुम्ही जवळ नव्हता, हे तिच्या मनातून जात नाही. आता पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय, त्यामुळे ती खोकायला पण घाबरते. शिंक आली तर आधी भिंत धरते. आमचा किरण जहाजावर, तो एप्रिलशिवाय येत नाही. रोज रात्री व्हिडिओवर दिसतो तेवढाच. मी तिचं सगळं करते, पण सासू ती सासू. माझ्यासमोर रडत नाही ती, बाथरूममध्ये जाऊन रडते.

तर आणायचं कसं, हा प्रश्न. तुमच्या व्याह्यांनी तो अंगावर घेतलाय. रिटायर झाल्यावर ती जुनी स्कूल व्हॅन घेतली आणि आत पलंग-बिलंग बसवून तिची घरगाडी केली, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मी खूप बोलले होते. आता म्हणतात, "बघ, कामाक इली की नाय? माझी सून झोपान जातली." खरं सांगायचं तर त्या गाडीत बसले की माझे दात वाजतात. शाळेची वीस पोरं बसायची म्हणून खालचे स्प्रिंगचे पाटे कडक, आणि शॉकॲब्सॉर्बर जुने होऊन त्यांतलं तेल गळलेलं. स्पीडब्रेकर गेला तरी गाडी मागून दोनदा उडते.

म्हणून गेले पंधरा-वीस दिवस आमच्याकडे दुसरा विषय नाही. कांदिवलीला लॉईड म्हणून एक मुलगा आहे, तो हेच काम करतो. त्याच्या तोंडी शॉकअप. तो म्हणाला, अंकल, साधे तेलाचे टाका, स्वस्त आणि मऊ. मग म्हणाला, पण मऊ टाकले तर घाटात गाडी डुलणार. गॅसचे टाकले तर डुलणार नाही, पण रस्त्यातला प्रत्येक सांधा पाठीला लागणार. हे घरी येऊन जेवता जेवता मला विचारतात, मऊ की कडक? मी काय सांगू? मी म्हटलं, डोसा नाही तो. तर चिडले आणि ताटावरून उठले. एरवी चिडणारा माणूस नाही हा, तुम्ही बघितलंय.

त्या लॉईडने एक चांगलं सांगितलं. गाडी भरून आणा, म्हणाला. पाण्याची टाकी, सिलिंडर, कपडे, सगळं. रिकाम्या गाडीकडे बघून निवडलेले शॉकअप भरल्यावर उपयोगाचे नाहीत. यांनी तर पलंगच उचकटून पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध आणला. आधी तो मागे होता, चाकाच्या वर. मागे झोपायचं नाही म्हणजे नाही, म्हणाले. स्वयंपाकाचा ओटा गेला मागे. शेवटी परवा ठरलं. चाकी फिरवून कडक-नरम करता येतात तसले, चारही नवीन. महाग आहेत, पण ते जाऊ दे.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, असं तुम्ही विचारलं होतं. झोपून जाऊ दे, म्हणाल्या.

बाकी काळजी करू नका. शॉकअप बसले की एकदा गाडी फिरवून बघू आणि पंचवीस तारखेला पहाटे निघू. रस्ता आता पुष्कळ बरा झालाय असं सगळे म्हणतात. अपूर्वाची बॅग भरून तयार आहे, तिने स्वतःच भरली.

तुमची विहीण,
सुलक्षणा

ता. क. मी घाबरलेली नाही. पत्र वाचून तसं वाटेल, म्हणून लिहिते.


दिंडोशी
२४ जानेवारी २०२५

जयंतीताई,

गाडी दारात उभी राहिली असेल, तुम्ही वॉकर घेऊन बाहेर आला असाल आणि पलंगावर कोणी नाही हे बघितलं असेल. आधी एवढंच वाचा. अपूर्वा ठीक आहे. बाळ ठीक आहे, सकाळीच लाथ मारली. वाईट काही झालेलं नाही. हे पत्र घेऊन आलेत त्यांना आधी पाणी द्या आणि त्यांच्यावर ओरडू नका, पाठवलंय मी. ओरडायचं ते माझ्यावर.

आता सांगते. मागच्या पत्रात मी डॉक्टरांचं अर्धंच लिहिलं. "शक्यतो नकोच. अगदी जायचंच असेल तर झोपून, आणि एकही हादरा बसता कामा नये," असं त्या म्हणाल्या होत्या. त्यातलं मला हवं तेवढं मी उचललं. तुमची इच्छा, पोरीची इच्छा, यांचा उत्साह, यांच्यामध्ये सासूने आडवं कसं यायचं? उद्या तुम्हीच म्हणाला असता की सुनेला माहेरी पाठवायचं हिच्या जिवावर आलं.

शॉकअप बसले तेव्हा लॉईड म्हणाला, पलंगावर माणूस झोपवून बघितल्याशिवाय नरम-कडक ठरवता येणार नाही. माणूस कोण? मी. त्या गॅरेजसमोर, दिवसाढवळ्या, साडीचा पदर खोचून मी चढले आणि डाव्या कुशीवर झोपले, अपूर्वाला झोपायला सांगितलंय तशी. हे चालवायला, लॉईड बाजूला बसलेला. दर दोन मिनिटांनी मागे वळून विचारतोय, "आंटी, कैसा लगता है?" मला हसू येत होतं. म्हटलं, म्हातारपणी पोटुशी झाले.

आधी अगदी नरम करून हायवेला घातली. खड्डा कळला नाही, पण गाडी होडीसारखी झुलायला लागली. आकुर्लीच्या पुलापर्यंत माझ्या पोटात ढवळायला लागलं. अपूर्वाला अजून उलट्या होतात, तिला हे चालणार नाही. मग कडक केली. झुलणं गेलं, पण पुलाचे सांधे एकेक करून कमरेत बसायला लागले. शेवटी मधोमध ठेवली. ती चांगली होती, जयंतीताई. खरंच चांगली. मी डोळे मिटले, दोन-तीन मिनिटं तर झोप लागल्यासारखं झालं. आणि परत येताना, मेट्रोच्या कामासाठी खणून नुसतीच माती लोटलेल्या जागी, मागचं चाक खाली गेलं.

फार मोठा खड्डा नव्हता. मी जेमतेम बोटभर उचलले गेले असेन. पण माझे दोन्ही हात पोटावर गेले आणि मी किंचाळले. पोटात काही नाही हे मला माहीत होतं, तरी हात सुटेनात.

यांनी गाडी कडेला घेतली. मागे आले. मला वाटलं विचारतील, कुठे लागलं, किती लागलं, चाकी किती फिरवू. ते तर खाली बसले, माझे पाय धरले आणि म्हणाले, "मागची सीट होती गो ती."

तुम्हाला ठाऊक नाही. किरणलाही नाही. किरणच्या आधी मला दिवस होते. सातव्यात माहेरी न्यायचं म्हणून आम्ही दोघं एसटीने निघालो होतो, शिमग्याची गर्दी, पुढे जागा नव्हती, मागची सीट मिळाली. जागा मिळाली म्हणून आम्ही किती खूश झालो होतो. घाट उतरताना माझ्या पोटात कळ आली. पुढे मी काय लिहू? मुलगी होती. कोणी कोणाला दोष दिला नाही, डॉक्टर म्हणाले तसंही झालं असतं. त्यानंतर घरात त्यावर एक शब्द निघाला नाही. मला वाटायचं, पुरुष माणूस, विसरला असेल. तो माणूस इतकी वर्षं त्या मागच्या सीटवर बसलेला होता आणि मला पत्ता नाही. पलंग मागून मधे का आणला, ताटावरून का उठला, ते मला त्या पलंगावर पडल्या पडल्या कळलं.

मी लॉईडला विचारलं, अजून चांगले शॉकअप मिळतात का, कितीही पैसे लागू देत. तो म्हणाला, "मिळतात आंटी, पण झीरो हादरा कुठलाच करत नाही. झीरो पाहिजे तर गाडी हलवूच नका." त्याने सहज म्हटलं. पण मी घरी येईपर्यंत तेच ऐकत होते.

मला भीती वाटतेय, जयंतीताई. मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. महाड, कशेडी, चिपळूण, एवढ्या रस्त्यात एकच खड्डा पुरे. अपूर्वा टाका धरून झोपलेली आणि मी तिच्या उशाशी बसून प्रत्येक वळणाला तिच्या तोंडाकडे बघतेय, हे मला जमणार नाही. मी तिला नेऊ देणार नाही. हे माझं ठरलं आणि यांचंही.

मग राहिलं काय? तुम्ही येणं. एसटीत, रेल्वेत तुम्हाला एवढा वेळ बसवणार नाही, हे मला कळतं. म्हणूनच गाडी पाठवलीय. तुमच्या खुब्यालाही हादरा बाधतो, तेव्हा एकीच्या जिवाची भीती काढून मी दुसरीच्या माथी मारतेय असं तुम्हाला वाटलं, तर ते खोटं नाही. पण तुमच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, झोपून, थांबत थांबत जाऊ दे, हाड जुळलंय. लॉईडने तुमच्या बेताने चाकी लावून दिलीय आणि यांना सांगितलंय की हात लावू नका. हे चाळिसाच्या पुढे काटा जाऊ देणार नाहीत. दोन दिवस लागू देत. चिपळूणला माझा भाऊ आहे, तिथे रात्री थांबा.

आता दुसरी गोष्ट, तीच खरी अवघड. मुलीला मूल होईपर्यंत आईने तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे तुम्ही पाळता. लग्नानंतर दोनदा आलात. दोन्ही वेळा शेजारच्या व्हॅलेन्सियाकडे जाऊन चहा घेतलात आणि माझ्याकडे उपाशी बसलात. मी बोलले नाही, पण मला लागलं होतं. माझ्या आईनेही हेच पाळलं. मला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ती माझ्या दारात आली, माझ्याकडे बघितलं, आणि जेवायला नातेवाइकांकडे निघून गेली. मुलीला मूल झालं नव्हतं ना, म्हणून. त्या दिवशी ती माझ्याजवळ बसायला हवी होती.

ते तुम्ही मोडा असं मी म्हणत नाही. मी विचार केलाय. घरगाडी हे काही माझं घर नाही. तिच्यात पलंग आहे, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे. यांच्या हातात भाडं म्हणून एक नारळ ठेवा आणि एप्रिलपर्यंत ती तुमची. तांदूळ तुमचा आणा, मसाला तुमचा आणा, टाकीत तुमच्या विहिरीचं पाणी भरून घ्या, तुम्हाला पटेल तसं. गाडी आमच्या बिल्डिंगच्या आवारात उभी राहील. सोसायटीच्या सेक्रेटरीशी मी भांडून आलेय. लिफ्ट आहे, अपूर्वा हळूच खाली येईल आणि तुमच्या हातचं जेवेल, तुमच्या पलंगावर पडेल. ते तिचं माहेर होईल. रस्त्याने न नेता माहेरी पाठवायचं, याहून दुसरा मार्ग मला सुचला नाही.

दवाखाना इथून रिक्षाने पाच मिनिटांवर आहे. अवघड वेळ आली तर निदान पाच मिनिटांत पोचू.

अपूर्वाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. गाडी लांबच्या रस्त्यावर तपासायला नेलीय, असं सांगितलंय. बॅग अजून पलंगाखाली आहे, तिला वाटतंय उद्या-परवा निघायचं. तुम्हाला नाही जमलं, मन नाही झालं, तर गाडी रिकामी पाठवा. मी तिला कधीच कळू देणार नाही की तुम्हाला बोलावलं होतं. सासूने माहेरी जाऊ दिलं नाही, एवढंच तिला वाटेल, आणि ते तिने आयुष्यभर म्हटलं तरी माझं काही म्हणणं नाही.

पण या. मला एकटीला हे पेलत नाही.

तुम्ही येईपर्यंत तिची आई,
सुलक्षणा