सहा कार्डांतली दोन

प्रिय बारके,

तुझी ती चाकांची निळी बॅग अजून शाबूत आहे ना? माझ्या कार्डांच्या पॉइंटांतून आलेली बॅग म्हणून तू ती मैत्रिणींना दाखवत सुटली होतीस, तेव्हा सुरुवात तिथूनच करते. माझी सहा क्रेडिट कार्डं मोडीत निघाली गं. चार गेली, दोनच उरली. तू म्हणशील, एवढ्यासाठी ताईने कागद-पेन हातात घेतलं? पण मला भीती वाटतेय, आणि ती फोनवर सांगता येत नाही. तुझा फोन आला की हे लगेच हातातलं काम टाकून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात.

बाकी सगळं ठीक. तुझ्या भाचीने घर बदललं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसतं म्हणे. जिने चढून तिचे पाय दुखतात आणि तळं बघून ती ते विसरते.

तर कार्डं. तुम्ही सगळ्यांनी त्यांच्यावरून माझी काय कमी टिंगल केलीत? किराण्याला हिरवं, पेट्रोलला लाल, औषधांना पांढरं, प्रवासाला निळं, कापड-दोऱ्याला सोनेरी आणि बुधवारी दुप्पट पॉइंट देणारं ते काळं. मला एकदाही विचार करावा लागला नाही. ह्यांना मात्र त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पेट्रोल पंपावरून फोन करायचे, "अगं, कुठलं देऊ?" मी मशीनवरून मान न उचलता सांगायची, "लाल," आणि पुढची शिवण घालायची. गाडीला पेट्रोल लागतं एवढं तरी ह्यांना ठाऊक आहे हेच नशीब, असं तूच म्हणाली होतीस.

आणि हेच गृहस्थ एका दुपारी चष्मा लावून, सहाही कार्डं टेबलावर मांडून बसले. म्हणाले, "हा पसारा आवरू या. हिरवं ठेवू, त्यावर आता कुठेही काहीही घेतलं तरी सारखेच पॉइंट मिळतात. निळं घरीच राहील, वीज-पाण्याची बिलं त्यातून आपोआप जातील. बाकीच्यांची वार्षिक फी पॉइंटांपेक्षा जास्त होते." मी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला, थोडा वेळ लागला, पण त्यांचं बरोबर होतं. मी चिडून चूक शोधत होते आणि चूक सापडत नव्हती. मग म्हणाले, "तुला डोकं चालवायलाच नको." किती प्रेमाने म्हणाले! ज्या माणसाने आयुष्यभर लाल का हिरवं एवढंही लक्षात ठेवलं नाही, त्याने हे सगळं कधी शिकून घेतलं, आणि का?

मग ते उठले, खुंटीवरची माझी कापडाची कात्री काढली आणि चारही कार्डं कचाकचा कापली. त्या कात्रीला आमच्या घरात कोणी हात लावत नाही, हे तुला माहीत आहे. लेकीने लहानपणी त्या कात्रीने शाळेचा पुठ्ठा कापला होता, तेव्हा मी आठवडाभर धुमसत होते आणि हेच तिला म्हणाले होते, आईच्या तोंडातला घास घे पण कात्री घेऊ नकोस. त्या दिवशी त्यांनी ती अशी घेतली की जणू तिला कोणी मालकच नाही.

मी ठरवूनच टाकलं की ह्यांना काहीतरी मोठं झालंय. तूच बघ, काय वाटेल? अलीकडे ते डॉक्टरांकडे एकटेच जातात आणि विचारलं तर कमरेचं नाव पुढे करतात. वरण-भाताच्या पलीकडे न गेलेला माणूस माझ्याजवळ उभा राहून भाजी शिकतो. कपाटाच्या प्रत्येक खणावर आत काय आहे त्याच्या चिठ्ठ्या डकवल्या, मोठ्या अक्षरात. न्हाणीघरात नळ सोडून रडतात, नळाच्या आवाजात रडणं लपत नाही हे त्यांना कोण सांगणार? मला वाटलं, हा माणूस निघायची तयारी करतोय. मागे राहिलेल्या बायकोला सोपं जावं म्हणून एकेक गोष्ट आवरतोय. मी त्यांचं जेवण बघू लागले, चालणं बघू लागले, गॅलरीत उभे राहिले की श्वास कसा चाललाय ते ऐकू लागले. एवढी मी आईच्या वेळीसुद्धा घाबरले नव्हते.

शिवणकाम सध्या बेताचंच आहे. लोक तयार कपडे घेतात, आपल्याकडे कशाला येतील? ग्रंथालयातल्या बाईंच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या आणि हसता हसता पुरेवाट झाली. म्हणजे मी हसले. त्या हसल्या नाहीत आणि पुन्हा आल्याही नाहीत. बरं, सांगायचं राहिलंच, तुझ्या भाचीने घर बदललं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसतं म्हणे.

परवा आम्ही बँकेत गेलो, कार्डं रीतसर बंद करायला. माझी सही झाली आणि मी कोपऱ्यात पाणी प्यायला उठले. ग्लास भरून परत वळले तेव्हा ह्यांची पाठ माझ्याकडे होती. काउंटरवरच्या मुलीने हळू आवाजात विचारलं, "काकू एकट्या बाहेर जातात का?" हे म्हणाले, "कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते अजून. म्हणून म्हणतोय, एकच कार्ड तिच्या हातात राहू दे, पिन नको, नुसतं टेकवलं की झालं. आणि मर्यादा अगदी कमी ठेवा. तेच अस्तर ती तीन-तीनदा घेऊन येते." मुलीने मान हलवली आणि टाइप करत राहिली. मी ग्लास घेऊन तिथेच उभी. मग पुन्हा कोपऱ्यात गेले, ग्लास ठेवला आणि मुद्दाम चपला वाजवत परत आले.

आजारी हे नाहीत, बारके. मी आहे.

घरी येऊन अस्तरांचा खण उघडला. करड्या अस्तराच्या तीन घड्या, तिन्हींवर दुकानाचा कागद तसाच. मग एकेक आठवू लागलं, जे मी आठवू देत नव्हते. किराण्याच्या दुकानात मी सहाही कार्डं हातात धरून उभी होते. मागे रांग. रंग दिसत होते, पण कुठला रंग कशाचा ते येईना. दुकानदारानेच एक उचललं आणि म्हणाला, "हे चालेल, काकू." घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की त्याचं मशीन बिघडलं होतं. चार दिवसांनी ह्यांनी कार्डं टेबलावर मांडली.

आईचं तुला आठवतंय? मला तर ते दिवस कालच्यापेक्षा स्वच्छ आठवतात, हीसुद्धा त्यातलीच खूण असेल. पिठाच्या डब्यात किल्ल्या, आणि आपण सगळे हसून म्हणायचो, होतं गं असं, सगळ्यांचं होतं. तिला काही कळत नाही असं समजून आपण किती नाटक केलं! शेवटी ती आपल्या हसऱ्या तोंडांनाच घाबरायला लागली. "तुम्ही कोण बाई?" असं तिने आपल्याला विचारलं, त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून आपण दोघींनी शब्द दिला होता. जिच्यावर ही वेळ येईल, तिला दुसरीने तोंडावर सांगायचं. नाटक करायचं नाही. तू रडत होतीस आणि मी तुझ्या ओढणीला नाक पुसलं म्हणून चिडलीही होतीस.

ह्यांना मी काही बोलणार नाही. पॉइंटांचं निमित्त त्यांनी माझ्यासाठी एवढ्या कष्टाने शोधलंय, तर त्यांना तेवढं करू दे. मी काल हिरवं कार्ड टेकवून ब्रेड आणला आणि त्यांना सांगितलं की बाई, फारच सोयीचं आहे. ते इतके खूश झाले की मला आत जावं लागलं. पण कोणीतरी एक माणूस मला असं हवंय, ज्याच्यासमोर मला घाबरता येईल.

आता पत्र वाचून पाहिलं. भाचीच्या घराचं दोनदा लिहिलंय. खोडत नाही, तूही बघ. आणि एक विचारते. गेले काही महिने तू फोन केलास की आधी म्हणतेस, "ताई, मी बारकी बोलतेय." पूर्वी कधी म्हणायची नाहीस. म्हणजे ह्यांनी तुला सांगितलंय, किंवा तुलाच कळलंय. रागावले नाही गं, पण शब्द तू मला दिला होतास, त्यांना नाही. पत्र मिळालं की फोन कर. ह्या वेळी नाव सांगू नकोस. नुसतं "ताई" म्हण आणि थांब. मी ओळखलं, तर आधी दोघी पोटभर हसू. नाही ओळखलं, तर फोन ठेवू नकोस, तू कोण ते सांग, आणि मग मला काय होतंय तेही सांग.

तुझीच,
ताई