थोरल्यांची पाठवणी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द आजवर सवयीने लिहीत आलो. या खेपेस खरोखरच जमिनीवर आडवा पडून लिहितो आहे, कारण एक हात पाळण्याच्या दोरीला आहे आणि उठून बसलो तर खालची फळी करकरते.) तुझा गुडघा कसा आहे? वसतिगृहातल्या ऐंशी मुली आणि तुझी सहाची घंटा, सगळं ठीक असेलच. तुझ्या राज्यात बिघडायची कोणाची छाती नाही. इकडे आम्ही चौघे हयात आहोत. धाकटी दहा आठवड्यांची झाली. फोन न करता पत्र लिहितो याचं कारण एवढंच, की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे वाक्य लांब आहे.

तू सुचवलंस त्याप्रमाणे थोरल्यांना (वय वर्षे पावणेतीन) तीन महिन्यांसाठी तुझ्या स्वाधीन करायचं आम्ही नक्की केलं आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारच्या बसने त्यांना घेऊन येतो. तू लहान पलंग आणून त्याला कठडाही बसवून घेतलास, हे हिला सांगितलं. तिने मान हलवली आणि त्यांचे कपडे काढायला घेतले. कालपासून तेच सहा सदरे तिने तीनदा उलगडून पुन्हा घडी घालून ठेवले आहेत. पण ठरलं ते ठरलं. आता ताबा देण्याआधी त्यांच्यातला दोष तुला कळवणं माझं कर्तव्य आहे. दुरुस्तीला आलेलं घड्याळ ठेवून घेताना मीही गिऱ्हाइकाकडून आधी सगळं वदवून घेतो.

दोष एकच. थोरले पहाटे चार वाजून अडतीस मिनिटांनी उठतात. अंदाजे नव्हे, गेले एकतीस दिवस मी कॅलेंडरवर टिपून ठेवलं आहे, आणि फरक पडला तर मिनिटा-दोन मिनिटांचा. वीस वर्षं घड्याळं उघडतो आहे, इतकं इमानी यंत्र माझ्या हातात आलेलं नाही. हिला तर धाकटीच्या दोन दुधांच्या मध्ये जेवढा डोळा लागेल तेवढीच झोप. महिन्यामागे ती भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपली आणि हातातला तांब्या शांतपणे माझ्या बुटात रिकामा झाला. (बूट मी दुकानात गेल्यावर तपासले.) तेव्हापासून पहाटेची पाळी मी माझ्याकडे घेतली. थोरले माझ्याजवळ झोपतात. उठले की ते तडक आतल्या खोलीकडे, हिच्याकडे, निघतात; मी त्यांना दारातच उचलतो आणि पुढे दुकानात आणतो. ते हातपाय झाडतात. मी दाद देत नाही. हिची झोप मोडू द्यायची नाही, एवढं एक काम मी या घरात चोख करतो.

उपाय केले नाहीत असं समजू नकोस. डॉक्टर म्हणाले, उशिरा झोपवा. उशिरा झोपवलं, उठले चार अडतीसलाच, फक्त जास्त चिडून. शेजारणीने जाड काळे पडदे लावायला सांगितले. थोरले उठले, पडद्याकडे पाहिलं आणि अंधार पडल्याची बातमी सांगायला त्यांनी मला उठवलं. तुझा सल्ला होता, मुळीच लक्ष देऊ नका, निपचित पडून राहा. तोही पाळला. थोरल्यांनी दोन बोटांनी माझी पापणी वर केली, मी आत आहे याची खात्री करून घेतली आणि पापणी परत खाली सोडली. त्यानंतर निपचित पडण्यात अर्थ राहिला नाही.

शेवटी मी माझ्या धंद्याला शरण गेलो, आणि तिथेच माती खाल्ली. भिंतीवरचं घड्याळ उतरवून थोरल्यांच्या उंचीला टांगलं, त्याची काच काढली (तिच्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसे आणि मुद्दा बाजूला राही) आणि सहाच्या आकड्यावर लाल कागदाचा गोल चिकटवला. छोटा काटा लाल गोलावर आला की उठायचं, असा करार झाला. तीन दिवस ते चार अडतीसपासून घड्याळासमोर मांडी घालून बसले आणि दर दोन मिनिटांनी मला विचारत राहिले, काटा आला का. चौथ्या दिवशी मला त्यांनीच हलवून उठवलं. काटा लाल गोलावर होता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सहा वाजलेच होते, म्हणून त्यांना आत जायला मोकळीक दिली, आंघोळ केली आणि दुकान उघडलं. बाहेर काळोख होता, पण वाटलं, आभाळ आलं असेल. (आभाळापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवायचा, ही आमच्या धंद्याची शिकवण.) मी दिवसभर बोटाने काटे फिरवतो, हे थोरले दुकानात बसून रोज बघत असतात, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

आमची सगळी गल्ली माझ्या दुकानावरून वेळ ओळखते. दूधवाल्याने दुकान उघडं पाहिलं, आपल्याला दीड तास उशीर झाला असं समजून तो घाबरला आणि धावत दारं वाजवत सुटला. इस्त्रीवाल्याने निखारे पेटवले. समोरच्या मास्तरांनी दोन्ही मुलांना गणवेश घालून, भांग पाडून रस्त्यावर उभं केलं. सव्वापाच वाजले होते. खरा प्रकार उघड झाल्यापासून मास्तर माझ्याकडे बघत नाहीत आणि गल्ली मोबाइलवर वेळ पाहते. एवढ्या गोंधळात थोरले मात्र आत हिच्याजवळ सात वाजेपर्यंत गाढ झोपले होते. कोणाचं नशीब कुठे, बघ.

तर असे आमचे थोरले. त्यांना तू सरळ करशीलच. फक्त ओरडू नकोस. ओरडलं की ते रडत नाहीत, नुसते खाली बघतात, आणि ते मला बघवत नाही. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझा धाकटा

ता. क. सोमवार. पत्र अजून इथेच आहे, कारण पाकिटाचा गोंद थोरल्यांनी पाळण्याला लावला. आज त्यांची पिशवी भरायला घेतली. सदरे त्यांनी बाहेर काढले आणि हिची उशी आत कोंबली. धाकटीला पाजताना ही मांडीवर घेते ती. मी काढली, त्यांनी भरली, असं चार वेळा झालं. उशीचं काय कौतुक, मला कळेना.

दुसरा ता. क. बुधवार. आज मान अवघडली होती म्हणून उठायला मला दोन मिनिटं उशीर झाला, आणि थोरले माझ्या हातून निसटून आत पोहोचले. मी दारातून पाहिलं. ही बसल्या बसल्या पाजत होती, डोळे मिटलेले. थोरले उंबऱ्यावर बसून वाट बघत होते. हूं की चूं नाही. तिने धाकटीला पाळण्यात ठेवलं तसे ते उठले, जवळ गेले, दोन्ही हात तिच्या मांडीवर ठेवले आणि हळूच विचारलं, "झाली रिकामी?"

मग मांडीवर चढले आणि दोन मिनिटांत झोपले. पहाटेचं दूध संपतं चार अडतीसच्या सुमाराला. ताई, मी एकतीस दिवस ती वेळ टिपली, पण त्या वेळेला घरात दुसरं काय होतं ते एकदाही बघितलं नाही. ज्या दारात ते पोहोचायचे त्याच दारातून मी त्यांना रोज उचलून नेत होतो, मोठ्या इमानाने. हिला जागं करून सांगितलं, तर तिने थोरल्यांच्या अंगावर पदर ओढला. मग म्हणाली, "मला वाटत होतं, तो माझ्यावर रुसलाय." पत्रात लिहायची गोष्ट नाही, पण मी रडलो.

तिसरा ता. क. तेव्हा रविवारी आम्ही येत नाही. सदरे कपाटात गेले. तू रजा काढली आहेस, पलंग आणला आहेस, सगळ्या वसतिगृहाला सांगून बसली आहेस, हे मला ठाऊक आहे, आणि फोन न करण्याचं खरं कारण आता तुझ्या लक्षात आलं असेल. रजा मोडू नकोस. तूच ये. थोरल्यांना सरळ करायला नको. धाकटी दूध प्याली की पुन्हा झोपेपर्यंत तिला खांद्यावर घेऊन फिरणारं कोणीतरी हवं आहे. माझ्या खांद्यावर ती किंचाळते. तुझा गुडघा दुखत असेल तर बसून घे. पलंगाचा कठडा ठेव; तुझा राग निवेपर्यंत तिकडे येऊन राहायची पाळी माझ्यावर येऊ शकते.

चौथा ता. क. घंटा आणू नकोस. भिंतीवरच्या घड्याळाला काच परत बसवली आहे, आणि लाल गोल सहावरून काढून साडेचारच्या जरासा पुढे लावला आहे. तो आता तुझ्यासाठी. छोटा काटा तिथे आला की धाकटी तुझ्याकडे.